भाव कुठून येतो

अकोटच्या बाजार समितीत हंगामाच्या दिवसांत सकाळीच कापसाच्या गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलगाड्या असत, आता मेटॅडोर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. हर्रास सुरू झाला की खरेदीदार गाडीला भिडतो. वरच्या कापसावर त्याचा विश्वास नसतो, म्हणून कोपरापर्यंत हात खुपसून तो आतला कापूस काढतो. मूठ आवळून ओल पाहतो, सरकीला नख लावतो, मग चिमटीत थोडी रुई धरून दोन्ही बाजूंनी हळूच ओढतो आणि धागा किती लांब निघतो ते नजरेनं मोजतो. आकडा बोलतो. दुसरा त्यावर पन्नास चढवतो, तिसरा पंचवीस. मग सगळे गप्प होतात आणि गाडीवाल्याकडे पाहतात. तो दोन-चार क्षण घुटमळतो. "बाजार आज नरम हाये भाऊ," शेजारून अडत्या सांगतो. गाडीवाला मान हलवतो आणि गाडी पुढे सरकते. मृगाच्या पेरणीपासून वेचणीपर्यंतच्या पाच-सहा महिन्यांचा निकाल दोन मिनिटांत लागलेला असतो.

नरम, गरम, तेज, थंड. बाजाराला आपण माणसासारखी तब्येत दिली आहे. मराठीत तर 'भाव' हा शब्दच दोन घरांत नांदतो. एक भाव मनातला, दुसरा बाजारातला. गुंतवणूकदारांच्या मनावर बाजार हलतो, असं शेअर बाजाराचे जाणकार रोज सांगतात. आपल्या भाषेनं दोन्हींना एकच नाव देऊन ते कधीच नोंदवून ठेवलं आहे. प्रश्न एवढाच उरतो की ते मन कोणाचं? अकोटला 'बाजार नरम' म्हणतात तेव्हा नेमकं कोण नरमलेलं असतं? हा प्रश्न हातात धरून मागे निघालं, तर वाट मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरून लिव्हरपूलपर्यंत जाते आणि वळून पुन्हा वऱ्हाडात येते.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाणांचे तांडे तो मिर्झापूरला, गंगेच्या घाटावर नेत आणि तिथून तो नावांनी पुढे बंगालकडे जाई. १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे धाडल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. त्या काळात भावाचा वेग बैलाच्या चालीएवढाच होता. कलकत्त्यात कापूस महागला की स्वस्तावला, हे अमरावतीला कळायला महिने लागत, आणि कळेपर्यंत ती गोष्ट जुनी झालेली असे. त्यामुळे गावातला भाव गावच्या हिशेबानं ठरायचा. पीक किती आलं, सूत कातणाऱ्यांना किती हवं, सावकाराला काय देणं आहे, एवढ्यावर तो उभा असे.

१८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड कारभारासाठी घेतलं. निमित्त होतं हैदराबादच्या फौजेच्या थकलेल्या खर्चाचं. पण या काळ्या जमिनीत काय पिकतं, हे मँचेस्टरच्या गिरण्यांना आणि कंपनी सरकारला पक्कं ठाऊक होतं. आठ वर्षांनी त्या जाणिवेला धार आली. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक माल त्या बंदरांतून येत असे. तो अडला आणि साऱ्या जगाची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. लिव्हरपूलचा भाव तिपटी-चौपटीनं चढला. वऱ्हाडच्या शेतकऱ्यानं अमेरिका पाहिली नव्हती, तिथलं युद्ध कशासाठी चाललंय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याच्या पऱ्हाटीला त्या युद्धानं किंमत आणली. कुणी कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा तेव्हा सांगितल्या जात. कथा खऱ्या असोत वा नसोत, असा पैसा कापूस पिकवणाऱ्या मुलखानं आधी पाहिला नव्हता, हे त्यांतून कळतं.

त्यातला मोठा वाटा मात्र गावात थांबला नाही. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाचं सोनं-चांदी मुंबईत साठलं आणि तिथे त्याला करायला काम उरलं नाही. मग कंपन्या निघू लागल्या. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या योजना. बॅक बे रेक्लमेशनच्या ५,००० रुपयांच्या शेअरला ५०,००० रुपयांपर्यंत भाव आला. अजून समुद्रातून वीतभर जमीन वर आली नव्हती, तरी कागद हातोहात जात होता. या उलाढालीचा मेरुमणी प्रेमचंद रायचंद. विलायतेहून येणारी जहाजं धक्क्याला लागायच्या आतच तो आपल्या होड्या त्यांच्याकडे पाठवून लिव्हरपूलचा भाव आधी मिळवतो, असं सांगितलं जाई. बाजारात जो आधी ऐकतो तो कमावतो, हा धडा मुंबईनं त्या होड्यांकडून घेतला.

मग शांततेची कुणकुण लागली आणि तेवढ्यानंच भाव डळमळला. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोचली आणि तेजीच्या पायाखालची वाळू सरकली. १ जुलै १८६५ ही वायद्यांची मुदत होती. 'वायदा' हा मुळात अरबी शब्द, अर्थ वचन. त्या दिवशी मुंबईत वचनं पाळायला कोणाकडे पैसाच नव्हता. ज्या बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांना विकायची पाळी आली आणि पुढे ती बँकच मिटली. प्रेमचंद बुडाला, मात्र त्याच्या देणगीतून उभा राहिलेला, त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही मुंबईत वेळ दाखवतो. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, शेअर दलालांनी आपली संघटना बांधली. आजच्या मुंबई शेअर बाजाराचं मूळ ते. कापसाच्या व्यापाऱ्यांची बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनही त्याच वर्षीची. दोघी एका वर्षाच्या लेकी, आणि दोघींची नाळ काळ्या मातीत.

मुंबई पडली तशी उठली. वऱ्हाडात मात्र जे बदललं ते कायमचं. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. मार्च १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं सुरू केला. एका कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय आला, यावरून त्या बाजाराचं वजन कळावं. त्याच वर्षी समुद्राच्या तळातून टाकलेली तार मुंबईला पोचली. लिव्हरपूलच्या बाजारात सकाळी झालेला भाव आता खामगावला त्याच दिवशी कळू शकत होता. जिथे बैल महिने घेत, तिथे तास पुरू लागले. राली ब्रदर्स, फोल्कार्ट अशा विलायती पेढ्यांचे खरेदीदार वऱ्हाडच्या बाजारात येऊन बसले. जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली.

अमरावतीचं नावही त्याच सुमारास परदेशी स्थिरावलं. लिव्हरपूलच्या भावपत्रकात वऱ्हाडच्या कापसाला 'ऊम्रा' म्हणत. उमरावती, ऊम्रावट्टी असं करत करत ते ऊम्रा झालं. आखूड धाग्याचा, थोडा खरखरीत, पण स्वस्त. ज्या शहरात रुक्मिणीहरणाची कथा आणि अंबादेवीचं ठाणं, त्याचं नाव सातासमुद्रापार एका प्रतीचं नाव झालं. अमेरिकन कापूस महागला की गिरणीवाला ऊम्राकडे वळे, स्वस्त झाला की पाठ फिरवी. म्हणजे ऊम्राचा भाव वऱ्हाडात ठरत नव्हताच. मिसिसिपीकाठच्या पिकावर लिव्हरपूलच्या दलालाच्या मनात जे येई, त्याची ती सावली होती.

इथे मला वऱ्हाडच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते. तारेनं बातमी आणली, पण ती सगळ्यांना सारखी कामी आली नाही. खामगावच्या पेढीवर बसलेल्या खरेदीदाराला तार वाचून थांबता येई. भाव पडणार असं दिसलं तर तो हात आखडता घेई, चढणार असं दिसलं तर गावोगाव माणसं धाडून कापूस उचले. शेतकऱ्यानं तर उभ्या पिकावर आधीच उचल घेतलेली असे. त्याच्या सारापट्टीची तारीख ठरलेली असे. त्याला भाव कळला तरी विकावंच लागे. बातमीचं अंतर तुटलं होतं, थांबण्याच्या ताकदीचं अंतर तसंच राहिलं होतं.

या अंतराची किंमत किती मोठी असू शकते ते १८९९-१९०० मध्ये कळलं. छप्पनचा दुष्काळ तो. ज्वारीखालची जमीन तोवर कापसाखाली गेली होती, गावोगावचे ज्वारीचे पेव रिकामे झाले होते. हाती रोकड आली की धान्य विकत घ्यायचं, अशी नवी रीत पडली होती. त्या वर्षी पाऊस रुसला, कापूसही गेला आणि ज्वारी सामान्य माणसाच्या हाताबाहेर महागली. रेल्वे होती, धान्य आणता येत होतं, पण विकत घ्यायला पैसा नव्हता. वऱ्हाडात माणसं फार मेली. भावावर जगायला लागलेल्या प्रदेशाला भावानंच कसं मारलं, त्याची ही पहिली मोठी खूण.

त्याच काळात वऱ्हाडनं देशाला एक चांगली गोष्टही दिली. जुन्या बाजारात सौदा रुमालाखाली होई. दलाल आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत आणि माल ज्याचा तो बाजूला उभा राहून नुसता पाही. वर कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय, नाना नावांनी कापणी चाले. १८८६ मध्ये कारंजा इथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. उघडा हर्रास, तपासलेलं माप, ठरलेली दलाली. सरकारला अर्थात लँकेशायरसाठी स्वच्छ माल हवा होता. पण आज देशभरात ज्या बाजार समित्या दिसतात त्यांचं मूळ कारंजाच्या त्या आवारात आहे, आणि वऱ्हाडच्या माणसानं ते अभिमानानं सांगावं. रुमाल उचलला गेला, ही लहान गोष्ट नव्हती.

रुमालाखालची बोटं दिसू लागली, पण रुमालापलीकडे आणखी एक बाजार वाढत होता. पहिल्या महायुद्धात मुंबईत कापसाचा सट्टा इतका बोकाळला की सरकारला हात घालावा लागला आणि १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. वायदा ही मुळात शहाण्या माणसाची सोय आहे. चार महिन्यांनी येणाऱ्या मालाचा भाव आज बांधून ठेवायचा आणि शांत झोपायचं. पण ज्याच्याकडे माल नाही, घ्यायचाही नाही, तोही त्यात उतरतो आणि नुसत्या अंदाजावर पैसा लावतो. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत पैज लागू लागली. साठच्या दशकात ते आकडे यायचे थांबले, तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. 'मटका' तो हाच. गावच्या टपरीवर आजही आकड्याला 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतात, ते शब्द कापसाचे आहेत. माल गळून पडला, भाव गळून पडला, उरला नुसता आकडा.

दोन महायुद्धांच्या मधला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा, कारण तो अगदी आजचा वाटतो. तेव्हा ऊम्राचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जपान होतं. १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली, आणि जपानच्या गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकून उत्तर दिलं. १९३४ च्या आरंभी समेट झाला, पण मधल्या महिन्यांत कापडाच्या भांडणाचा मार कापूसवाल्यानं खाल्ला. जकात कापडावर, बहिष्कार कापसावर.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानं एक धाडस केलं. १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. राज्यातला सगळा कापूस सरकारच्या वतीनं पणन महासंघ घेणार, आधी हमीभाव देणार आणि रुई विकून जास्त मिळालं तर वरचा फरकही वाटणार. चांगल्या वर्षातलं थोडं बाजूला काढून पडत्या वर्षात वापरता यावं म्हणून भाव चढउतार निधीही केला. विचार मोठा होता. बाजाराच्या लहरीतून शेतकऱ्याला सोडवायचं आणि थांबण्याचं काम त्याच्या वतीनं सरकारनं करायचं. काही वर्षं तो चाललाही. पण बाहेरच्या राज्यात भाव चढला की रात्री गाड्या सीमेपलीकडे जाऊ लागल्या, आणि बाहेर पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येऊ लागला. चुकारे महिनोन्‌महिने अडकत. योजना तोट्यात रुतत गेली. २००२ नंतर खासगी व्यापाऱ्यांना दार उघडलं आणि एकाधिकार नावापुरता उरला. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेच्या अनुदानाखाली जागतिक भाव तळाला गेला होता. पुढची वर्षं वऱ्हाडसाठी फार काळी गेली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते.

आता तार नाही, मोबाइल आहे. न्यूयॉर्कच्या वायद्याचा आकडा, सरकीचा भाव, रुईच्या खंडीचा भाव सगळं तेल्हाऱ्याच्या पारावर बसून दिसतं. खंडी आजही ३५६ किलोचीच धरतात. इंग्रजी अमलातला ७८४ पौंडांचा तो मुंबईचा हिशेब, माप बदललं तरी व्यापाऱ्यांच्या तोंडून गेलेला नाही. आणि बातमी एवढी जवळ आल्यावर काय झालं, ते २०२२ नं दाखवलं.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाला क्विंटलमागे १०,००० च्या वर भाव मिळाला, काही बाजारांत १२,००० च्याही पुढे. सरकारनं एप्रिल २०२२ मध्ये आयातीवरची ११ टक्के जकात काही महिन्यांसाठी उठवली, तरी तो दहा हजारांचा आकडा माणसांच्या डोळ्यात बसला. पुढच्या हंगामात दिवाळीनंतर भाव त्याखाली निघाला तेव्हा गावांनी ठरवलं, थांबायचं. त्या हिवाळ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागात कुठल्याही घरात जावं तर ओसरीत, मधल्या खोलीत, माळ्यावर कापूस. पोरं कापसाशेजारी निजत. उन्हं तापली तशी अंगाला खाज सुटू लागली, कापूस वाळून वजनाला घटू लागला. होळी गेली, गुढीपाडवा गेला, खरिपाच्या बियाण्याचे दिवस आले. भाव सात हजारांच्या आसपास उतरला होता. थांबलेल्यांनी शेवटी तिथेच विकला.

मला त्या ओसरीत १८६५ ची मुंबई दिसते. गेल्या वर्षीचा भाव म्हणजेच खरा भाव, ही समजूत दोन्हीकडे होती. फरक एवढाच की मुंबईकरांनी हावेपोटी कागद धरून ठेवला होता. वऱ्हाडच्या माणसानं स्वतः पिकवलेला माल, दीडशे वर्षांत पहिल्यांदा मिळालेल्या थोड्या बळावर धरून ठेवला होता. त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. थांबायचं त्याला येत होतं. थांबताना भाव पडला तर सावरायला त्याच्याकडे काही नव्हतं.

सोयाबीनची गोष्ट वेगळी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अकोला-वाशीमच्या बाजारात सोयाबीन १०,००० रुपयांवर गेलं. केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. त्याच डिसेंबरात सेबीनं सोयाबीन, हरभरा यांसह सात शेतमालांचे वायदे बंद केले, त्या बंदीला पुढे मुदतवाढ मिळत राहिली. तुरीचे वायदे तर २००७ पासूनच बंद. म्हणजे भाव पडण्यापासून संरक्षण देणारं एक साधन, सट्ट्याच्या भीतीनं, शेतकऱ्याच्या हातीही उरलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के जकात लावली. कापड गिरण्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारनं कापसाच्या आयातीवरची जकात वर्षअखेरपर्यंत उठवली, नेमकी वेचणी सुरू होण्याच्या तोंडावर. भांडण कापडाचं आणि मार कापसाला. १९३३ पुन्हा वऱ्हाडच्या दारात येऊन उभं राहिलं.

एवढा माग काढल्यावर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. 'बाजार नरम' म्हणजे थांबू शकणाऱ्यांनी हात आखडले. बाजाराचं मन हे ज्यांच्याकडे गोदाम, कर्ज आणि वेळ आहे त्यांचं मन असतं. बाकीच्यांच्या मनातला भाव त्या आकड्यात उतरतच नाही, कारण त्यांना तिथे बोलायला उसंत नसते. म्हणून शेतकऱ्याला नुसती भावाची माहिती पुरवून काम भागत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्यावर कमी व्याजानं कर्ज घ्यायचं आणि भाव पाहून विकायचा. ही थांबण्याची ताकद आहे. ती प्रत्येक तालुक्यात आणि पुरेशा गोदामांसह मिळायला हवी. जोडीला पडत्या भावाचा विमा म्हणून वायदे हवेत, त्यांवर कडक नजर ठेवून, पण चालू. आणि आयात-निर्यातीचं धोरण पेरणीआधी जाहीर व्हायला हवं, वेचणीनंतर नव्हे.

अकोटच्या गाडीजवळ परत येऊ. हर्रासातला शेवटचा आकडा बोलला गेला आहे. गाडीवाल्याच्या खिशातल्या मोबाइलवर न्यूयॉर्क दिसतं. प्रेमचंद रायचंदच्या होड्यांना जे महत्प्रयासानं मिळे, ते त्याला फुकट मिळतं. तो घुटमळतो ते दोन-चार क्षण याचा हिशेब करत असतो: कापूस परत न्यायचा तर मेटॅडोरचं भाडं दुप्पट, घरी ठेवायला ओसरी भरलेली, सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं. त्याला भाव कळलेला असतो. तरीही तो मान हलवतो.

त्या दोन-चार क्षणांत त्याला नाही म्हणता येईल, त्या दिवशी हर्रासात पहिल्यांदा त्याच्याही मनातला भाव बोलला जाईल.